तेल प्यायलेल्या मैदानाचं बुकिंग

गेल्या रविवारी फोनवर तन्वी रुसून बसली होती. कारण विचारलं तर म्हणे, तिच्या शहरातलं जुनं बेसबॉलचं स्टेडियम दुरुस्त करणार आहेत. लाकडी बाकं जाणार, नव्या खुर्च्या येणार.

"आजी, दे आर रुइनिंग इट!"

मी विचारलं, "त्या बाकांवर बसून तुला काय होतं?"

"पाठ दुखते."

"मग?"

"आजी, दॅट्स नॉट द पॉइंट."

तन्वी, तो पॉइंट नेमका काय असतो हे शोधण्यात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली. इकडे दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी परदेशातल्या नोकरीवर लिहून मागितलं आहे आणि तिकडे तुझी समजूत काढायची आहे. दोन्ही कामं एकाच लेखात उरकते. तुझी आई तुला आणि तुझ्या भावाला, ईशानला, वाचून दाखवेल. ती सौदीतल्या इंग्रजी शाळेत शिकली आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तिने जन्मभर इंग्रजीत उत्तर दिलं, तेव्हा ती अडखळली तर हसू नका. मी हसेन, तो माझा हक्क आहे.

अबकैकच्या बाजूला तेलाच्या कारखान्यातल्या लोकांची एक जुनी वसाहत होती. तुमचे आजोबा कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करायचे. मला वसाहतीच्या करमणूक विभागात नोकरी मिळाली ती दोन कारणांनी. मिरजेच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं इंग्रजी, हे पहिलं. दुसरं मुलाखतीत कळलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही एखादा खेळ खेळता?" मी म्हटलं, "नाही." "बघता?" "नाही." "परफेक्ट," साहेब म्हणाले. माझ्या आधीचा माणूस टेनिसवाला होता आणि चांगल्या वेळा तो स्वतःच्या मित्रांना वाटायचा.

माझं काम मैदानं वाटण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मगरिबची नमाज सूर्यास्ताला, आणि सूर्य रोज थोडा सरकतो, म्हणजे माझं वेळापत्रकही सरकणार. नमाजेच्या वेळी खेळ थांबायचा. उन्हाळ्यात दुपारी मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. वाळूचं वादळ आलं की सगळी बुकिंगं पुढे ढकलायची आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी माझ्यावर ओरडायचं. कामाचं सार म्हणजे मोठ्या माणसांना ‘नाही’ म्हणणं. अमेरिकन माणसाला ‘नाही’चं कारण द्यावं लागतं. फिलिपिनो माणसाला हसून सांगितलं की पुरतं. आपल्या माणसाला मात्र दोनदा सांगावं लागतं, कारण पहिल्या ‘नाही’ला तो बोलण्याची सुरुवात समजतो.

माझ्या ताब्यातलं सगळ्यात जुनं मैदान बेसबॉलचं. वसाहत वसवणाऱ्या अमेरिकनांनी ते केलेलं. तिथे गवत उगवत नव्हतं आणि वाळू उडत होती, म्हणून त्यांनी वाळूवर कच्चं तेल शिंपडलं. तेल घरचंच होतं. वाळू बसली, घट्ट झाली आणि चॉकलेटी झाली. मी नोकरीला लागले तोवर शिंपडणं कधीच बंद झालं होतं, पण प्यायलेलं तेल वाळूने सोडलं नव्हतं. ऊन चढलं की मैदानाला गॅरेजसारखा वास यायचा. पांढरा चेंडू दोन-चार टप्प्यांत बटाटेवड्यासारखा दिसायला लागायचा. कपड्यांवर पडलेला डाग मी आजवर कुठल्याही साबणाने गेलेला पाहिला नाही.

त्या मैदानाला सगळ्यात जास्त शिव्या वॉल्टर द्यायचे. हे टेक्सासचे म्हातारे, मुलांच्या टीमचे कोच. दर आठवड्याला माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणायचे, "मिसेस के., ते मैदान नाही, ते डांबर आहे. कुणीतरी ते उखडा." मी तक्रार लिहून घ्यायची. पुढच्या आठवड्यात तीच तक्रार. शेवटी मी त्यांना बघितलं की विचारायची, "गेल्या वेळचंच लिहू?"

वॉल्टरांशी माझी मैत्री कुरडयांमुळे झाली. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी शोध लावला होता की त्या मैदानाच्या कडेची उघडी लाकडी बाकं मे महिन्यात कुरडया वाळवायला फार छान. एका सकाळी आम्ही तिथे साड्या पसरून कुरडया घातल्या, आणि संध्याकाळी उचलायचं ठरवून घरी गेलो. मैदान कुणी बुक केलं नव्हतं, हे मलाच माहीत होतं ना. पण संध्याकाळी परत येतो तर वॉल्टर मुलांना घेऊन न विचारता सरावाला आलेले. एक चेंडू उडून बाकावर पडला आणि रेखाच्या कुरडयांचा भुगा झाला. रेखा कारखान्यातल्या डॉक्टरांची बायको, बोलायला तिखट.

"कुणाला विचारून खेळताय?" तिने विचारलं.

"कुणाला विचारून हे... हे काय आहे?" वॉल्टर म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही बेकायदेशीर होतं. मी दोघांनाही लेखी ताकीद दिली आणि दुसऱ्या दिवशी वॉल्टरांना तळलेल्या कुरडया नेऊन दिल्या. कुरडयांना किंचित डिझेलचा वास होता. वॉल्टरांना वाटलं तो मसाला आहे. पुढे दर मे महिन्यात ते विचारायचे, "मिसेस के., नूडल्स कधी?"

आता त्या मैदानावरचा एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

सौदीत कुणी कायमचं राहत नाही. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपतो, कंपनी ‘फायनल एक्झिट’चा शिक्का मारते आणि माणूस खोकी बांधून गावी जातो. आमच्या वसाहतीत कधीतरी पडलेली पद्धत अशी की जाणाऱ्याने शेवटच्या शुक्रवारी दुपारी त्या मैदानावर येऊन बॅट धरायची. खेळ येत असो नसो. त्याला चेंडू टाकायचा. बेसबॉलमध्ये चांगला चेंडू तीनदा हुकला की तुम्ही बाद. आमच्याकडे अशी समजूत होती की फटका बसला तर माणूस सुटला, आणि तीनदा हुकला तर तो परत येणार. अमेरिकन, फिलिपिनो, मल्याळी, पाकिस्तानी, सगळ्यांनी ही समजूत मानली. अंधश्रद्धेच्या बाबतीत तिथे कधी भांडण झालं नाही.

तुमच्या आजोबांची पहिली फायनल एक्झिट आली तेव्हा त्यांनीही बॅट धरली. आजोबा कॉलेजात क्रिकेटला ओपनिंगला जायचे. पहिला चेंडू त्यांनी बॅट उंच धरून शांतपणे जाऊ दिला. दुसराही. तिसराही. वॉल्टर म्हणाले, "आउट." आजोबा म्हणाले, "आउट कसा? तिन्ही किती छान सोडले!" नवा चेंडू सोडून द्यायचा, हे त्यांच्या हाडात होतं. वर्षाच्या आत कंपनीने त्यांना परत बोलावलं. मी मिरजेत नुकतं स्वयंपाकघर लावलं होतं. ते मी अजून विसरलेले नाही.

या शेवटच्या फटक्याला चेंडू टाकायचं काम हमीदभाईंचं. खेडजवळचे, कारखान्यात पाइप जोडायचे. बायको-मुलं गावी, स्वतः वसाहतीबाहेरच्या कॅम्पात आठ जणांच्या खोलीत. शुक्रवारी कॅम्पातल्या कोकणच्या पोरांना घेऊन त्याच मैदानाच्या मागच्या अंगाला टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायचे, आणि त्यांना वेळ द्यायची म्हणजे माझी कसोटी, कारण शुक्रवारची दुपार सगळ्यांनाच हवी. त्यांचा हात असा हलका की चेंडू बॅटवर स्वतःहून येऊन बसायचा. त्यांच्या चेंडूवर आमच्या मंडळातल्या बायकासुद्धा फटका मारून गावी गेल्या.

मैदानाचं नूतनीकरण करायचं ठरल्याची नोटीस लागली त्याच सुमारास हमीदभाईंची फायनल एक्झिट आली.

"वहिनी," ते काउंटरवर येऊन म्हणाले, "अख्ख्या कॅम्पाला मी चेंडू टाकून घरी पाठवला. आता माझी पाळी आली तर मैदानच नाय ऱ्हायचं काय?"

मी तारखा बघितल्या. त्यांचा शेवटचा शुक्रवार काम सुरू होण्याच्या आधी येत होता. "राहील," मी म्हटलं. "तुमचा शुक्रवार मी स्वतः लिहून ठेवते."

नोटीस काढली होती फहदने. फहद आमचा नवा प्रमुख. त्याचे वडील त्याच कारखान्यात होते, म्हणून तो वसाहतीतच वाढला, अमेरिकेत शिकून आला आणि माझ्या साहेबाच्या खुर्चीत बसला तरी मला ‘खाला’ म्हणायचा. त्यांच्यात मावशीला खाला म्हणतात. त्याला हिरवं कृत्रिम गवत हवं होतं, बाकांच्या जागी छपराखाली प्लास्टिकच्या खुर्च्या हव्या होत्या, आणि एक स्वच्छतागृह, ज्याला कडी लागते.

लोकांची मतं ऐकायला त्याने मैदानावरच बैठक बोलावली. मला वाटलं, वॉल्टर उठून टाळ्या वाजवतील. वॉल्टर उठले आणि म्हणाले, "ही वाळू इतिहास आहे. तिला हात लावाल तर बघा."

मी म्हटलं, "वॉल्टर, तुमच्या तक्रारी माझ्या फायलीत आहेत. वाचून दाखवू?"

"मिसेस के., शिव्या द्यायला आपलं मैदान लागतं. नव्या मैदानाला मी काय म्हणू?"

मग नीडा उठली. फिलिपिनो नर्स, बायकांच्या टीमची कॅप्टन. "गवत पाहिजे," ती म्हणाली, "पण वास ठेवा." फहदने तिला विचारलं की हिरव्या गवताला तेलाचा वास कसा आणायचा. ती म्हणाली, "इंजिनियर तुम्ही आहात." रेखाला खुर्च्या मान्य होत्या, पण प्लास्टिकच्या खुर्चीवर कुरडई कशी घालणार, हा तिचा प्रश्न होता. कोकणच्या पोरांनी हमीदभाईंना पुढे ढकललं. त्यांनी एवढंच विचारलं, "नव्या गवतावर क्रिकेट चालेल काय?" टेनिस बॉलने चालेल, असं फहद म्हणाला. "मग माझं काय नाय," असं म्हणून हमीदभाई खाली बसले, आणि पोरांनी त्यांना फितूर ठरवलं.

बैठक मोडल्यावर फहद माझ्याशेजारी बाकावर बसला. थोबची, म्हणजे त्याच्या त्या पायघोळ पांढऱ्या अंगरख्याची, कड वर करून त्याने मला गुडघा दाखवला. कातडीखाली एक काळा ठिपका होता.

"लहानपणी इथे घसरलो होतो. वाळू आत राहिली. आता माझ्या लयानला खेळायचंय. तिची आई पाठवत नाही." त्याने कड खाली सोडली. "खाला, आठवणी तुमच्या सगळ्यांच्या आहेत. गुडघे माझ्या मुलीचे आहेत."

नवं मैदान झाल्यावर मी तिथे एक अख्खा हंगाम बुकिंग केलं. खरं सांगू? ते चांगलं आहे. सावली आहे, कडी लागते, मुली खेळतात आणि घरी जाऊन आईचा मार खात नाहीत. माझी स्वतःची फायनल एक्झिट तिथेच झाली. चेंडू लयानने टाकला आणि मी तो, डोळे मिटून का होईना, मारला. तो चेंडू इथे मिरजेत शोकेसमध्ये आहे. इतका पांढरा आहे की लोकांना वाटतं दुकानातून आणला. त्यात जी काही खंत आहे तेवढी मला आहे, पण ती मी वॉल्टरांना कळू देणार नाही.

तर, हमीदभाई. त्यांच्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी मी ऑफिसला जाताना बघते तर मैदानाभोवती पत्र्याचं कुंपण. ठेकेदाराचं दुसरीकडचं काम लवकर संपलं, म्हणून तो मशीन घेऊन लवकर आला होता. ही आखातातली माझ्या आयुष्यातली एकमेव घटना, की बांधकाम वेळेआधी सुरू झालं. शनिवारी सकाळी वाळू खरवडणार होते.

मी फहदकडे गेले. तो म्हणाला, "बंद मैदानावर खेळ नाही, खाला. कुणाला लागलं तर जबाबदारी माझी. त्यांना फुटबॉलच्या मैदानावर चेंडू टाका."

मी हे हमीदभाईंना सांगितलं. आपल्या माणसाला दोनदा सांगावं लागतं, असं मी मघाशी म्हटलं. हमीदभाईंना एकदाच पुरलं. "ठीक हाय वहिनी," ते म्हणाले. "फुटबॉलच्या मैदानावर नको. नाय तर नाय." कॅम्पातली पोरं बस भरून येणार होती, ती बस त्यांनी रद्द करायला सांगितली. जाता जाता दाराशी थांबले. "शकीला विचारत होती फोनवर. नक्की येताव ना, परत तर नाय जायाचं? तिला बोललो होतो, शुक्रवारी सांगतो."

शकीला म्हणजे त्यांची बायको. ती खेडला बसून एका बेसबॉलच्या फटक्याची वाट बघत होती. मी मग, सिस्टरांनी लावलेल्या सवयीप्रमाणे, नियमावली पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

गुरुवारी मी फहदसमोर उभी राहिले. "मैदान ठेकेदाराच्या ताब्यात देण्याआधी वापरणाऱ्या सगळ्या गटांसह पाहणी करायची असते. ती झालेली नाही."

"पाहणी म्हणजे?"

"कुंपण, जाळी, बेस, सगळं चालू स्थितीत आहे का ते बघायचं. वापरून."

"जे उखडायचं आहे ते वापरून बघायचं?"

"नियम मी केलेला नाही. मी शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतरची वेळ लिहिली आहे. होम प्लेट, म्हणजे बॅट धरून उभं राहायची जागा, ती ठीक आहे का हे तिच्यावर कुणी उभं राहिल्याशिवाय कसं कळणार?"

फहदने विचारलं, "खाला, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"मिरजेत."

"एकच माणूस," तो म्हणाला. "आणि डोक्याला हेल्मेट."

शुक्रवारी कॅम्पाची बस आली. वॉल्टर आले, नीडाची टीम आली, रेखा डबा घेऊन आली. लयान बापाचं बोट धरून आली. मुलांच्या टीमचं हेल्मेट हमीदभाईंच्या डोक्यात जाईना, म्हणून ते कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घालून उभे राहिले. होम प्लेटवर त्यांनी वॉल्टरांकडे बघून बॅट उभी धरली.

"हे काय करतोय?" वॉल्टर मला विचारायला लागले.

"गार्ड मागतायत. क्रिकेटमध्ये अंपायरला स्टंपांची सरळ रेघ विचारतात."

"स्टंप कुठे आहेत?"

"नाहीत. तुम्ही हात वर करा आणि ‘मिडल’ म्हणा."

वॉल्टरांनी म्हटलं. हमीदभाईंनी टाचेने वाळूत रेघ मारली. तेल प्यायलेली वाळू ती, रेघ कापल्यासारखी उमटली.

पण चेंडू टाकायचा कुणी? वॉल्टरांचा खांदा गेलेला. पोरं एकमेकांना ढकलत होती. तेवढ्यात नमाजेहून तसाच आलेला फहद पांढऱ्या थोबच्या बाह्या सावरत मधे जाऊन उभा राहिला. "लहानपणी मी पिचर होतो," तो म्हणाला.

पहिला चेंडू हमीदभाईंनी असा हळुवार मागे वळवला की कोकणची पोरं "वाऽऽ" करून उठली.

"फाउल," वॉल्टर म्हणाले. बेसबॉलमध्ये चेंडू समोरच जावा लागतो.

"चार होता तो!" पोरं ओरडली.

दुसरा त्यांनी पायाच्या बाजूने मागे ढकलला. त्याहून सुंदर. "फाउल," वॉल्टर म्हणाले. "मिसेस के., त्याला सांगा, देवाच्या नावाने सांगा, पुढे मार."

"हमीदभाई, पुढे!"

"वहिनी, बॉल तिथं टाकलान तर मी काय करू?"

फहदने थोबचा घोळ गुडघ्यापर्यंत उचलला आणि तिसरा टाकला. चेंडू जरा जास्तच सरळ आला. हमीदभाईंनी एक पाय पुढे टाकला आणि तो फहदच्या कानाजवळून, मैदानाच्या मध्यावरून, थेट पत्र्याच्या कुंपणापर्यंत गेला. ठण्ण असा आवाज आला. चेंडू चुकवायला खाली बसलेला फहद उठला तेव्हा त्याचा थोब कमरेपासून खाली चॉकलेटी झाला होता.

"पळ!" सगळे ओरडले. हमीदभाई पळाले. बॅट टाकून पळायचं असतं, ते बॅट घेऊन पळाले. पहिल्या बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या पहिल्या खुणेवर, पोचले. तिथून डावीकडे वळून दुसऱ्या बेसकडे जायचं असतं. हमीदभाईंनी बेसला बॅट टेकवली, गर्रकन फिरले आणि आल्या वाटेने परत होम प्लेटकडे सुटले.

"नो! सेकंड! सेकंड!" वॉल्टर नाचत होते. "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला, असं लयान ओरडत होती. कोकणची पोरं ओरडत होती, "दोन हायत, दोन!" हमीदभाईंनी पिवळ्या हेल्मेटसकट झेप टाकली आणि बॅट आपल्या टाचेच्या रेघेत टेकवली.

"दोन," ते धापा टाकत म्हणाले.

लयानने बापाला विचारलं, "ते आउट आहेत?"

फहदने वॉल्टरांकडे बघितलं. वॉल्टरांनी आभाळाकडे बघितलं. बेसबॉलच्या जन्मापासून कुणी तसे दोन काढले नसावेत. "परत आला की हा," वॉल्टर पुटपुटले. "जिथून निघाला तिथेच आला. मिसेस के., आता तो गावी जाणार की सौदीला परत येणार?"

हमीदभाईंचं तोंड उतरलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मैदान माझ्या वहीत होतं.

"आज इथे खेळ नव्हता," मी म्हटलं. "पाहणी होती. पाहणीत कुणी आउट होत नाही. आणि फटका बसलेला आहे, कुंपणाला पोचा आहे. शकीलाभाभींना फोन लावा."

त्यांनी तिथेच, प्लेटवर बसून लावला. काय बोलले ते मी ऐकलं नाही. रेखाने डबा उघडला होता आणि पोरांनी गलका केला होता. चेंडू फहदने स्वतः शोधून आणून दिला. तो खेडला आहे, बटाटेवड्यासारखा. हमीदभाई परत आले नाहीत.

शनिवारी सकाळी मी किल्ल्या द्यायला गेले. मशीन सुरू झालं होतं. ठेकेदाराचा मुकादम, बिहारचा, होम प्लेटपाशी उभा होता. वाळूवर बुटांचे शेकडो ठसे होते, पण टाचेची ती रेघ तशीच, सरळ. त्याला वाटलं कुणी मोजमापाची खूण करून ठेवली आहे.

"मॅडम, यह लाइन रखनी है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "निकालनी है. लेकिन सबसे आखिर में."